बाईचे अंग आणि बाईचे जेवण

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना घाईत राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहून देताना घातल्या आहेत.)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. आहार आणि आरोग्य या विषयावर मी बोलावे असे सेक्रेटरीबाईंनी सुचविले तेव्हा मला हसूच आले. मी म्हटले, "वहिनी, डॉक्टरीणबाईंना बोलवा. माझे काय ऐकायचे?" त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी याच हॉलमध्ये तुम्ही पडलात, तेव्हा तुम्हीच बोला." हे मात्र अगदी खरे होते, म्हणून उभी राहिले.

शिवाय मनाशी विचार केला, की शिकलेल्यांनीच आरोग्यावर बोलावे असा नियम आपल्या जिल्ह्याने कधी पाळलेला नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्याचे काम सुरू केले. पुढे त्यांनी गावोगावच्या ज्या बायका हाताशी घेतल्या, त्यांतल्या कितीतरी शाळेची पायरी न चढलेल्या होत्या. गावाने निवडून दिलेल्या या बायका बाळांची वजने करू लागल्या, बाळंतपणे करू लागल्या, गरोदर बाईने काय खावे हे घरोघर सांगू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी तर शाळा पाहिलेलीच नाही. घरातली पोरे सारखी आजारी पडतात, तेव्हा खाण्यातच काही बिघडले असले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी घरात गावठी बियाणी साठविली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही, पण चार शब्द बोलण्यापुरता धीर आला एवढे खरे.

आता त्या पडण्याची हकीकत सांगते. श्रावणात आपण मंगळागौरीच्या खेळांची तालीम करीत होतो. मी फुगडीला उभी राहिले. चार गिरक्या झाल्या असतील नसतील, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले ती आडवीच झाले. कोणी पाणी शिंपडले, कोणी कांदा नाकाला लावला. त्या गडबडीत मागून एक वाक्य कानी आले, "अंग किती सुटले आहे, झेपणार कसे?" कोणी म्हटले ते मला ठाऊक आहे, त्या आज समोरच बसल्या आहेत, आणि मला मुळीच राग नाही. कारण माझेही मत तेच होते. माझे वजन तेव्हा ७६ किलो आणि उंची पाच फूट. खाऊन खाऊन माजलेली बाई, अशीच मी स्वतःला आरशात पाहत असे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. बाईमाणसाला ते निदान १२ तरी पाहिजे असते. मी डॉक्टरीणबाईंना म्हटले, "अहो, चिठ्ठी कोणाची तरी बदलली असेल. एवढ्या अंगाच्या बाईला रक्त कमी कसे?" त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, अंगावरून किती जाते? मी गप्प राहिले. तीन वर्षे खूप जात होते, वय झाले की असे व्हायचेच म्हणून मी कोणाला बोलले नव्हते. दुसरा प्रश्न त्यांनी असा विचारला, "तुम्ही जेवता केव्हा?" काय जेवता असे विचारतील म्हणून मी उत्तर जुळवीत होते. केव्हा, याचे उत्तर मला देताच येईना.

भगिनींनो, तेव्हाचा माझा दिवस सांगते. तुमच्यापैकी कित्येकींना तो स्वतःचाच वाटेल. सकाळी उठल्यावर चहा, त्याबरोबर दोन बिस्किटे. डबे भरून झाले की पुन्हा चहा. मुले आणि घरची मंडळी बाहेर पडल्यावर राहिलेल्या पोह्यांचा तळ. दुपारी सासूबाईंना वाढून झाल्यावर, दोन-अडीच वाजता, ताटात टाकलेले वाया जाऊ नये म्हणून तेच आधी, मग रात्रीचा भात फोडणी देऊन. जेवण संपते न संपते तोच वर चहा. संध्याकाळी चहा. रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्यात जे असेल ते, आणि भाजी बहुधा संपलेली असे, मग लोणचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि दोन एकादश्या यांना साबुदाणा. म्हणजे महिन्यातले दहा-बारा दिवस साबुदाणाच. हा साबुदाणा एका कंदाचा नुसता पिठूळ भाग असतो, त्यात पोटभरीपलीकडे फारसे काही नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या कंदाचे मूळ दक्षिण अमेरिकेत. आपल्या एकादशीला तो केव्हापासून आणि कोणाच्या आज्ञेने चालू लागला हे पांडुरंगालाच ठाऊक!

आता यात अंग सुटायला साखर, भात, तेल, साबुदाणा सारे होते. रक्त व्हायला काही नव्हते. अंग वाढत होते आणि रक्त आटत होते, दोन्ही एकाच ताटातून.

मला वाटले होते, माझेच घर असे. पण सरकारने २०१९ ते २०२१ या काळात घरोघर फिरून जी आरोग्याची पाहणी केली, तिचे आकडे आपल्या अंगणवाडीच्या ताईंनी मला दाखविले. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत सुमारे २१ जणी वाजवीपेक्षा किरकोळ आणि सुमारे २३ जणी वाजवीपेक्षा जाड. आणि रक्त कमी असलेल्या किती? शंभरांत ५४! म्हणजे किरकोळ काय, जाड काय आणि अंगाने बेताची काय, रक्ताची कमतरता सगळ्यांतच आहे. आरशाला हे कसे दिसावे?

दुसरा एक आकडा ऐका. आपल्या देशातल्या आहारतज्ज्ञांनी २०२० साली ठरवून दिले आहे, की पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पाहिजे आणि बाईला २९. कारण उघड आहे, दर महिन्याला आपले रक्त जाते. तेव्हा जिला जास्त पाहिजे तिला आपण शेवटी वाढतो, आणि वाढणारीही तीच असते. हे कोणा पुरुषाने आपल्यावर लादले असे मी म्हणणार नाही. आमच्या घरी तरी कोणी मला "शेवटी जेव" असे म्हटले नव्हते. माझ्या आईला मी तसे पाहिले आणि तसेच करीत आले.

घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हटले, "तुमच्या काळी बरे होते. जात्यावर दळत होता, बाजरी खात होता, म्हणून तुमची अंगे अशी सडपातळ." त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्या १९७२च्या दुष्काळात सतरा वर्षांच्या होत्या. आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण त्यांच्या तोंडी अजून नगरच आहे. त्या म्हणाल्या, "आगं, ती अंगं सडपातळ नव्हती, उपाशी होती. खडी फोडायला जायचो. सुकडी मिळायची, लाल मिलोची भाकरी खायचो, ती घशाखाली उतरत नव्हती. तेव्हा एखादी अंगानं भरलेली बाई दिसली, की आम्ही म्हणायचो, हिच्या घरी लक्ष्मी हाय." आणि मग हसून म्हणाल्या, "मला पाहायला आले, तेव्हा तुझ्या आजेसासूबाई म्हणाल्या होत्या, पोरगी लई वाळकी हाय, टिकंल का?"

हे ऐकून मी विचारात पडले. त्यांना वाळकी म्हणून नाक मुरडले गेले आणि माझ्या मुलीला जाड म्हणून. मधे पन्नास वर्षे गेली एवढेच. ज्या काळी अन्न नव्हते त्या काळी भरलेले अंग देखणे, आणि आता दुकाने भरली आहेत तर किरकोळ अंग देखणे. आमच्या मापात आम्ही बसावे कसे, मापच दर पिढीला बदलते.

खाण्याचेही तसेच झाले. प्रवरेला कालवे आले, लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग एकामागून एक कारखाने झाले. जिल्ह्याचे भले झाले, त्यावर आमचीही घरे उभी राहिली, ते मी नाकारीत नाही. पण बाजरीच्या रानात ऊस आला, आणि बाजरीची भाकरी गरिबाची व गव्हाची पोळी मानाची झाली. पाहुण्यांपुढे भाकरी ठेवणे मला कमीपणाचे वाटे. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे तर सासूबाई आजारी पडल्या म्हणजेच आमच्याकडे होत. चहात साखर कमी घातली तर पाहुणा म्हणे, "कारखान्याच्या गावात कंजूसपणा?"

त्या बाजरीची एक गोष्ट सांगण्यासाठीच मी आज मुख्यतः उभी आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमदेखील पुरते नसते. 'धनशक्ती' नावाचे बाजरीचे एक वाण आहे. त्यात साध्या बाजरीपेक्षाही लोह अधिक. शास्त्रज्ञांनी आपल्याच जिल्ह्यातील निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने रोज दोन वेळा बाजरीची भाकरी दिली. काहींना धनशक्तीची, काहींना साध्या बाजरीची, आणि कोणाला कोणती ते मुलांना सांगितले नाही. चार महिन्यांतच धनशक्ती खाणाऱ्या मुलांच्या अंगातला लोहाचा साठा जास्त वाढलेला दिसला. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पण मला नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. त्यांनी मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रे बांधली होती. धनशक्तीची भाकरी खाणारी मुले दिवसभरात बसून कमी राहिली व हालती-फिरती जास्त राहिली. त्यांना कोणी "उठा, खेळा" म्हणून सांगितले नव्हते. अंगात आले म्हणून ती उठली.

हे मला आमच्या धाकट्या दिराने मोबाईलवर वाचून दाखविले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. कारण "किती आळशी आहेस गं, सारखी लोळत असतेस," हे वाक्य मी माझ्या मुलीला रोज म्हणत होते.

मुलीचे आता सांगते. तिला विचारून सांगते आहे, ती म्हणाली, "सांग, पण रडू नकोस." ती वीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ आले होते. मंडळी चांगली होती, बोलणे गोड होते. जाताना त्यांच्यातल्या एका बाईने मला बाजूला घेऊन म्हटले, "मुलगी गुणी आहे, पण जरा अंगाने जास्त वाटते. सहा महिने आहेत, करील ना कमी?" मी हसून "करील की" म्हणाले. आजही ते हसणे मला टोचते. मुलगी दाराआड उभी होती.

त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवण सोडले. मग सकाळचेही अर्धे केले. फोनवर कोणा नट्यांची चित्रे पाही, स्वतःचा फोटो काढी आणि पुसून टाकी. वजन उतरू लागले. आणि मी? मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते, की आमच्या पोरीचा निग्रह पाहा! याच हॉलमध्ये कितीजणींनी तिला म्हटले, "काय छान बारीक झालीस!" केस गळू लागले ते आम्ही पाण्यावर ढकलले. चार महिने पाळी आली नाही, ते तिने लपविले. (हे वाक्य स्मरणिकेत छापताना काढू नका, असे मी संपादकताईंना बजावून सांगितले आहे. न बोलण्यानेच आमच्या घरी इतके दिवस गेले.) माझ्या चिठ्ठीनंतर डॉक्टरीणबाईंनी तिचेही रक्त तपासले, तर ९.१. मी ७६ किलोची, ती ४१ किलोची. एकीला सगळे माजलेली म्हणत, दुसरीला छान म्हणत. दोघींच्या चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी पडल्या होत्या.

ते स्थळ पुढे जमले नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही.

आता आम्ही काय केले ते सांगते. पहिल्याने औषध. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशा घेतल्या, आणि माझ्या अंगावरून जाण्याचाही उपचार झाला. गोळ्यांनी शौचाला काळे होते, पोट कुरकुरते, म्हणून पुष्कळ बायका आठ दिवसांत सोडून देतात. मीही एकदा सोडल्या होत्या. मुलीने जेवणाची भीती बोलून दाखविली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला मनाच्या डॉक्टरांकडेही पाठविले. आमच्याकडे त्याबद्दल कुजबुज झाली. होऊ दे.

दुसरे, जेवणाची वेळ. मी घरात सांगितले, रात्री सगळे एकदमच बसायचे, भांडी मध्ये ठेवायची, ज्याने त्याने वाढून घ्यायचे. हे सर्वांत कठीण गेले. पहिल्या दिवशी सासूबाई ताटावर बसेनात. "पोरं जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत न्हाई," म्हणाल्या. घरच्या मंडळींना स्वतःच्या हाताने आमटी वाढून घेताना अर्धी चादरीवर सांडली. मी उठू लागले, तर मुलगी म्हणाली, "आई, बस." मी बसले. पाहुणे आले की मात्र अजून जुनाच क्रम होतो, ते खोटे बोलणार नाही.

तिसरे, ताटात काय. रोज एका वेळेला बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणून ज्वारी. मटकी, हुलगा यांना मोड आणून. तांदुळजा, माठ, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते. वर लिंबू पिळायचे, त्याने लोह अंगी लागते. आणि चहा जेवणापासून निदान एक तास दूर, कारण चहा ते लोह अंगी लागू देत नाही. खर्चाचे विचाराल, तर बिस्किटांचे पुडे बंद झाले त्यातच बरेचसे निघाले. उपवास मी सोडले नाहीत. एकादशी आणि चतुर्थी ठेवल्या आहेत, साबुदाण्याऐवजी भगर, दाण्याची आमटी, ताक आणि फळ घेते. देवाने तक्रार केलेली नाही.

राहिला व्यायाम. "आम्ही दिवसभर घरात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" असे मीच पूर्वी म्हणत असे. पण आजचे घरकाम आणि सासूबाईंच्या वेळचे घरकाम यांत फरक पडला आहे. ओट्यापुढे उभे राहून स्वयंपाक, त्यामुळे खाली बसणे-उठणे गेले. जाते गेले, पाण्याच्या खेपा गेल्या. ते परत यावे असे मला मुळीच वाटत नाही, जात्याने सासूबाईंचे खांदे कायमचे दुखावले आहेत. पण त्याच्या जागी दुसरे काही आलेच नाही. दम लागेल असे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालावे, असे डॉक्टर सांगतात. मी आधी गोळ्या दोन महिने घेतल्या आणि मगच चालू लागले. रक्त नसताना चालायला गेले असते तर पुन्हा पडले असते आणि "झेपत नाही" हेच पुन्हा ऐकले असते.

सकाळी बाहेर पडले, तर पहिल्याच आठवड्यात एका म्हातारबाबांनी विचारले, "काय वो, घरी कामं न्हाईत का?" कुत्री होती, पदर सावरणे होते, लोकांचे पाहणे होते. मग आम्ही चौघी जमलो. चौघींना कोणी विचारीत नाही. आता आम्ही अकरा आहोत.

आणि आपल्याजवळ मंगळागौर आहे ना! फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी यांनी काय कमी घाम निघतो? पण अलीकडे आपण पैसे देऊन खेळणाऱ्या बायकांचे गट बोलावतो, त्या खेळतात आणि आपण खुर्च्यांवर बसून भजी खातो व चित्रे काढतो. व्यायामसुद्धा मोलाने करून घ्यायची ही युक्ती मोठी आहे खरी.

वजनकाटा मी माळ्यावर टाकला आहे, दर दोन महिन्यांनी काढते. त्याऐवजी शिंप्याची टेप वापरते. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी, त्यापुढे साखर आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, असे डॉक्टर सांगतात. माझी ४१ होती, आता ३८ आहे. वर्षाने हिमोग्लोबिन ११.३ झाले, म्हणजे अजून पास नाही. वजन ७१. मुलीचे रक्त ११, वजन ४७, पाळी नीट येऊ लागली आहे. तरी काही दिवस ती अर्धी भाकरी ताटात ठेवते. मी पाहते, बोलत नाही, आणि तिच्याबरोबर बसून राहते. गेल्या आठवड्यात तिने ती उरलेली अर्धी चहाबरोबर खाल्ली. चहाबरोबर नको असे तोंडावर आले होते, पण गिळले.

आपल्या मंडळापुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न लुटता किलो-किलो हुलगे किंवा मटकी लुटावी. आणि सरकारी दवाखान्याच्या ताईंना एक दिवस येथे बोलावून सर्वांचे रक्त तपासून घ्यावे, सासवांचे आणि सुनांचे एकाच दिवशी.

टेप मी आणली आहे, आतल्या खोलीत पडदा लावला आहे, ज्यांना कंबर मोजायची असेल त्यांनी यावे, आकडा बाहेर जाणार नाही. अल्पोपाहाराला मटकीची भेळ आहे, लिंबू भरपूर चिरून ठेवले आहे. चहा मात्र आज उशिरा येईल, चहावाल्या मावशींना मीच तसे सांगून ठेवले आहे, तेव्हा त्यांना कोणी बोलू नये.